मे महिन्यात जैसलमेर: वाळवंटाचा इतिहास म्हणजे पाण्याचा हिशेब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आत्ता लोकलमध्ये उभे आहेत आणि हेडफोन घरी राहिलाय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लेखी. बोलताना जिथं अडखळले ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

आज आपण भर उन्हाळ्यात वाळवंटात जाणार आहोत. आणि सुरुवात करूया भारताच्या इतिहासातल्या सगळ्यात फसलेल्या उन्हाळी ट्रिपपासून. साल १५४२. ट्रिपवर निघालेल्या माणसाचं नाव हुमायून.

बादशहा, पण पाण्याविना

शाळेत आपण एवढंच शिकलो की शेरशाह सुरीनं हुमायूनला हरवलं आणि तो इराणला पळाला. मधली तीन-चार वर्षं पुस्तकातून गायबच असतात. १५३९ मध्ये चौसा आणि १५४० मध्ये कनौज, अशा दोन लढाया हरल्यावर हुमायून सिंधमध्ये भटकत होता. तिथंच १५४१ मध्ये त्याचं हमीदा बानूशी लग्न झालं. राज्य नाही, पैसा नाही, बरोबरची माणसं एकेक करून सोडून चाललेली. तेवढ्यात मारवाडच्या राव मालदेवाकडून आशा दिसली. म्हणून १५४२ च्या उन्हाळ्यात हा सगळा लवाजमा वाळवंट ओलांडत जोधपूरच्या दिशेनं निघाला. हमीदा तेव्हा गरोदर होती.

जोधपूरजवळ पोचल्यावर कुणकुण लागली, की मालदेवावर शेरशाहचा दबाव आहे आणि इथं थांबलो तर आपण पकडले जाऊ. मग आल्या वाटेनं माघारी. फलोदी, पोकरणजवळचं सातलमेर, जैसलमेर आणि तिथून आजच्या पाकिस्तानातलं उमरकोट. महिना जुलै-ऑगस्ट. म्हणजे कॅलेंडरवर पावसाळा. पण थरमध्ये पाऊस कॅलेंडर बघून येत नाही.

या प्रवासाची हकीकत दोन माणसांनी लिहून ठेवलीये आणि दोघंही घरातली आहेत. एक हुमायूनची बहीण गुलबदन बेगम. दुसरा जौहर, हुदा आफताबची. आफताबची म्हणजे बादशहाची पाण्याची झारी सांभाळणारा, त्याच्या हातावर पाणी घालणारा सेवक. तहानेनं तडफडणाऱ्या बादशहाची गोष्ट त्याच्या पाणक्यानं लिहिली, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवून दोन मिनिटं नुसती बसले होते.

या वृत्तांतांमधलं चित्र भयंकर आहे. विहिरी इतक्या खोल की मोट ओढणारे बैल लांबवर चालत जायचे, आणि मोट काठाशी आली हे बैल हाकणाऱ्याला कळावं म्हणून ढोल वाजवावा लागायचा. मोट वर आली की माणसं तिच्यावर तुटून पडायची. दोर तुटायचे, मोटेबरोबर माणसंही विहिरीत पडायची. कित्येक जण तहानेनं गेले. जैसलमेरच्या राजाकडून निरोप आला, की आमच्या मुलखात न विचारता शिरलात, गाई मारल्यात, आता आमच्याकडून मदतीची अपेक्षा नको. पुढच्या वाटेवरच्या विहिरी वाळूनं बुजवल्या गेल्या होत्या. ऑगस्टच्या शेवटी कसेबसे हे लोक उमरकोटला पोचले. तिथल्या राण्यानं आसरा दिला आणि १५ ऑक्टोबर १५४२ ला तिथंच अकबराचा जन्म झाला.

आता या गोष्टीतलं एक वाक्य परत वाचा: विहिरी बुजवल्या गेल्या. म्हणजे त्या होत्या! ज्या वाटेवर हुमायूनची माणसं तहानेनं मेली, त्याच वाटेवर गावं होती, गुरं होती, व्यापाऱ्यांचे उंटांचे तांडे होते. ते लोक शेकडो वर्षं तिथं राहत होते. पाणी कुठं आहे, किती आहे आणि ते कुणाला द्यायचं, हे त्यांना माहीत होतं. बादशहाला माहीत नव्हतं. वाळवंटात खरी सत्ता या माहितीची असते, आणि आजचा सगळा एपिसोड या एका गोष्टीबद्दल आहे.

आम्ही का गेलो

हे सगळं मला सुचलं त्याचं कारण म्हणजे गेल्या मे महिन्यातला एक वीकेंड. आम्ही पाच जण, सगळे कॉलेजपासूनचे. बीटेकनंतर कुणी पुण्यात, कुणी बंगळुरूला. सगळ्यांच्या सुट्ट्या जुळायला म्हणे शुक्र-गुरूची युती लागते. जुळल्या त्या नेमक्या मे महिन्यात. ऑफ-सीझन म्हणून खोल्या निम्म्या भावात. घरी सांगितल्यावर आईची प्रतिक्रिया: "लोक मे महिन्यात महाबळेश्वरला जातात, आणि तुम्ही?"

जोधपूरपर्यंत विमान, पुढं गाडी. जोधपूर ते जैसलमेर पाचेक तास. फलोदी आमच्या रस्त्यावर नव्हतं, पण फार लांबही नव्हतं. हे तेच फलोदी, जिथं १९ मे २०१६ ला ५१ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. भारतातला तोपर्यंतचा उच्चांक. आमच्या नशिबी ४५ होते. ४५ म्हणजे काय ते सांगते. गाडीच्या काचेला हात लावला की झटकन मागे घ्यावा लागतो. वारा आला की बरं वाटायच्या ऐवजी कुणीतरी तोंडावर हेअर ड्रायर धरल्यासारखं वाटतं. आणि फोन? दुपारी फोटो काढायला गेलो तर तापमान जास्त आहे असा मेसेज दाखवून तो बंदच पडला.

पोकरणच्या पुढं एका ठिकाणी गाडी थांबवली. आम्ही पाच जणांनी तोवर वीस बाटल्या संपवल्या होत्या. ड्रायव्हर काकांकडे एकच कापडात गुंडाळलेली बाटली होती आणि ती अर्धी भरलेली. आमच्यातल्या एकानं विचारलं, "काका, तहान नाही लागत?" ते हसून म्हणाले, "लगती है सा. पर पानी देख के पीते हैं."

देख के. बघून प्यायचं. ती त्यांची सवय मला तेव्हा गंमतीची वाटली. पुढच्या दोन दिवसांत त्यामागचा इतिहास दिसला.

तीन प्रकारचं पाणी

जैसलमेरला वर्षभरात सरासरी २०० मिलिमीटरच्या आत पाऊस पडतो. जुलैतल्या एका चांगल्या दिवशी महाबळेश्वरला तेवढा एका दिवसात पडून जातो. त्यात उन्हानं उघड्या तळ्यातून जितकं पाणी वर्षाला उडून जाऊ शकतं, ते पडणाऱ्या पावसाच्या जवळपास दहापट. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर इनपुट नगण्य आणि लीकेज प्रचंड. अशी सिस्टीम चालायलाच नको.

तरी ती चालली. कशी, हे समजून घ्यायचं असेल तर अनुपम मिश्र यांचं 'राजस्थान की रजत बूंदें' हे हिंदी पुस्तक मिळवा. गांधी शांती प्रतिष्ठानमध्ये काम करणाऱ्या या माणसानं राजस्थानात फिरून पाण्याच्या जुन्या पद्धती टिपून ठेवल्या. त्यात एक गोष्ट आहे जी मला फार आवडली: तिथले लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात.

पहिलं पालर पाणी. म्हणजे थेट पावसाचं, वाहून आलेलं, तळ्यात किंवा टांक्यात साठवलेलं. दुसरं पाताळ पाणी. म्हणजे खोल विहिरीतलं भूजल, जे इथं बऱ्याचदा खारं असतं. आणि या दोघांच्या मधलं तिसरं, रेजाणी पाणी. काही भागांत वाळूच्या खाली काही हातांवर जिप्समचा, खडूसारख्या दगडाचा थर आहे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, पण या थराच्या खाली जाऊ शकत नाही. म्हणून खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळतही नाही आणि वर वाळू असल्यानं उन्हानं उडूनही जात नाही. वाळूच्या कणाकणात ओल धरून राहतं.

ही ओल काढायला कुई खणतात. कुई म्हणजे छोटी, अरुंद विहीर. एक माणूस जेमतेम बसून खणू शकेल एवढाच घेर. आत हवा कोंडते, उकाडा असह्य होतो, म्हणून वरची माणसं अधूनमधून मूठमूठ वाळू जोरात आत फेकतात. तेवढीच ताजी हवा खाली जाते. खणणाऱ्याच्या डोक्यावर धातूचं भांडं असतं, त्या वाळूपासून आणि वरून खडा पडला तर त्यापासून वाचायला. एवढं करून मिळतं काय? दिवसाला दोन-चार घागरी. पण गोड पाणी आणि वर्षभर.

आपल्याला हे अगदीच परकं वाटायला नको. त्यांचा टांका आणि आपल्या गडांवरचं टाकं हे शब्दानं आणि कामानंही एकाच घरातले. शिवनेरीला किंवा राजगडाला गेला असाल तर कातळात खोदलेली टाकी पाहिली असतील. रामचंद्रपंत अमात्यांनी १८व्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या आज्ञापत्रात किल्ला बांधायच्या आधी पाणी पाहावं, असं स्पष्ट बजावलंय. फरक एवढाच, की सह्याद्रीत चार महिने पाऊस कोसळतो आणि आठ महिने पुरवायचा असतो. थरमध्ये वर्षातले मोजके दिवस पडतो आणि पुढच्या वर्षी पडेलच याची खात्री नसते.

कुलधरा: भुतांपेक्षा भारी गोष्ट

शनिवारी सकाळी सहालाच आम्ही कुलधऱ्याला निघालो, कारण दहानंतर तिथं उभं राहणं अशक्य. जैसलमेरपासून सतरा-अठरा किलोमीटर. तुम्ही हे गाव नक्की पाहिलंय, रील्समध्ये! 'भारतातलं सगळ्यात झपाटलेलं गाव' वगैरे. गोष्ट अशी सांगतात: जैसलमेरचा दिवाण सालिम सिंह गावच्या प्रमुखाच्या मुलीवर भाळला. तिला देण्यापेक्षा पालीवाल ब्राह्मणांनी एका रात्रीत ८४ गावं सोडली आणि जाताना शाप दिला, की इथं परत कुणी वसणार नाही.

आमच्यातल्या एकीला भूतकथांचं वेड. तिनं रस्ताभर आम्हाला घाबरवायचा कार्यक्रम चालवला होता. प्रत्यक्षात समोर दिसल्या सरळ आखलेल्या गल्ल्या, छप्पर उडालेली पिवळ्या दगडाची घरं आणि कमालीची शांतता. आणि मग एक साधा प्रश्न पडला: २०० मिलिमीटर पावसात हे लोक इथं करत काय होते?

उत्तर आहे, शेती. तीही गव्हाची!

पालीवाल मूळचे मारवाडमधल्या पालीचे. जैसलमेरच्या मुलखात आल्यावर त्यांनी खडीन नावाची पद्धत नावारूपाला आणली. ती अशी. खडकाळ, उतारावरची जमीन शोधायची, जिथं पाणी मुरत नाही, वाहून जातं. उतार जिथं संपतो त्या सखल भागात मातीचा लांबलचक बांध घालायचा. पडणाऱ्या थोड्या पावसाचं पाणी मोठ्या उतारावरून वाहत त्या छोट्या सखल तुकड्यात जमा होतं. शेत जेवढं, त्याच्या दहा-पंधरापट जमीन नुसती पाणी गोळा करायला. जास्त पाणी आलं तर जायला सांडवा. पावसाळाभर ते शेत म्हणजे तळंच. पाणी हळूहळू मुरतं, बरोबर आलेला गाळ बसतो आणि जमिनीतला खारेपणा खाली धुतला जातो. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. त्यानंतर एकदाही पाणी द्यायचं नाही. बांधाच्या खालच्या अंगाला विहीर खणली की तिला पाझराचं पाणी मिळतं, ते प्यायला.

ना पंप, ना पाइप, ना वीज. पडलेला प्रत्येक थेंब कुठं जाईल याचा आधीच केलेला विचार, बस्स. आजही जैसलमेर जिल्ह्यात खडिनांवर पीक घेतलं जातं.

मग गाव उठलं का? सालिम सिंह खरा होता. तो दिवाण होता आणि त्यानं लोकांना पिळून काढलं, हे कर्नल जेम्स टॉडनं त्याच काळात लिहून ठेवलंय. पालीवाल त्याच्या जाचानं मुलूख सोडून गेले, हेही. पण 'एका रात्रीत' हा भाग जमत नाही. १९व्या शतकाच्या अखेरीस लक्ष्मीचंद नावाच्या लेखकानं जैसलमेरची तवारीख लिहिली. त्या काळातल्या नोंदींनुसार १८१५ च्या सुमाराला कुलधऱ्यात ८०० च्या आसपास माणसं होती आणि १८९० मध्ये ३७. म्हणजे गाव एका रात्रीत रिकामं झालं नाही, ते तीन पिढ्या झिरपत राहिलं. दरम्यान विहिरी आटत गेल्या होत्या. पाणी कमी आणि कर जास्त, या दोन्हींच्या मध्ये सापडलेला शेतकरी काय करतो, हे महाराष्ट्रात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मला विचाराल तर ही खरी गोष्ट शापापेक्षा जास्त घाबरवणारी आहे. पाण्याचा असा हिशेब जमणारी माणसं एकदा निघून गेली की ती विद्या त्या जागी उरत नाही. भिंती उरतात.

सोन्याचा किल्ला आणि गडीसर

आता शहरात येऊ. भाटी राजपूत रावळ जैसलनं ११५६ मध्ये जैसलमेर वसवलं. आधीची राजधानी लोद्रवा पंधरा किलोमीटरवर होती. त्रिकूट टेकडीवर किल्ला, भोवती ९९ बुरूज. संध्याकाळी पिवळ्या वालुकाश्मावर ऊन पडलं की अख्खा किल्ला सोन्यासारखा दिसतो. 'सोनार केल्ला' हे नाव सत्यजित राय यांच्या १९७४ च्या सिनेमानं घरोघरी पोचवलं. २०१३ मध्ये राजस्थानातल्या आणखी पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारसा झाला.

पण या किल्ल्याची खासियत म्हणजे तो जिवंत आहे. आत आजही काही हजार माणसं राहतात. घरं, जैन मंदिरं, वाण्याची दुकानं, शाळेला निघालेली पोरं.

पूर्वी या सगळ्यांचं पाणी कुठून यायचं? मुख्यतः किल्ल्याच्या पायथ्यापलीकडच्या गडीसर तळ्यातून. १४व्या शतकात रावळ गडसीच्या काळात ते बांधलं गेलं, असं मानतात. दूरवरच्या माळावरचं पाणी चर आणि बांधांनी या तळ्याकडे वळवलेलं. अनुपम मिश्र लिहितात, की गडीसर भरून वाहिलं की ते पाणी वाया जात नसे. पुढं एकामागे एक अशी नऊ तळी होती, वरचं भरलं की खालच्यात जायचं. पाणी येण्याची वाट म्हणजे आगोर, ती स्वच्छ ठेवायची जबाबदारी गावाची.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बायका रोज गडीसरवर घागरी भरून किल्ल्याचा चढ चढायच्या. आता याला रोमँटिक रंग देऊ नका. ती हाडं मोडणारी मेहनत होती आणि ती फक्त बायकांच्या वाट्याला होती. पण तिचा एक परिणाम असा, की डोक्यावरून आणलेलं पाणी कुणी सांडत नाही. आंघोळीचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं गुरांना. किल्ल्यातून बाहेर जाणारं सांडपाणी नगण्य.

आणि किल्ला त्याच हिशेबानं बांधला होता. तटाचे दगड चुन्याशिवाय, नुसते एकमेकांत बसवलेले. टेकडीच्या पोटात वालुकाश्माबरोबर मातीचे मऊ थर आहेत. ते कोरडे आहेत तोवर भक्कम. पावसाचं पाणी झटकन बाहेर जावं म्हणून घूट नाली नावाची व्यवस्था होती, जी पाणी किल्ल्याच्या चारी बाजूंना खाली सोडायची. बाराव्या शतकात केलेलं हे डिझाइन एका गृहीतकावर उभं होतं: इथं पाणी कमी असणार.

आणि मग पाणी आलं

स्वतंत्र भारतानं थरला पाणी द्यायचं ठरवलं. १९४८ मध्ये कंवर सेन या इंजिनिअरनं कल्पना मांडली आणि १९५८ मध्ये राजस्थान कालव्याचं काम सुरू झालं. पुढं त्याचं नाव इंदिरा गांधी कालवा झालं. पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासून २०४ किलोमीटरचा फीडर आणि पुढं ४४५ किलोमीटरचा मुख्य कालवा. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात हिमालयातलं पाणी जैसलमेर जिल्ह्यात पोचलं. आता गडीसरही कालव्याच्या पाण्यानं भरलेलं असतं आणि त्यात पर्यटक पॅडल बोट चालवतात.

हे वाईट झालं असं कोण म्हणेल? चढावरच्या घागरी गेल्या. नळ आले. बायकांचा दिवस त्यांना परत मिळाला. पण किल्ल्याला ही बातमी कुणी दिली नव्हती. नळ आले, पाठोपाठ पर्यटक आले, हॉटेलं आली, फ्लश आणि शॉवर आले. वापर कित्येक पटींनी वाढला, आणि ते सगळं पाणी बाहेर नेईल अशी व्यवस्था त्या प्रमाणात झाली नाही. जुन्या घूट नाल्यांवर बांधकामं झाली, त्या तुंबल्या. पाणी मुरत मुरत टेकडीच्या मऊ थरांत गेलं. १९९०च्या दशकाच्या शेवटी काही बुरूज ढासळले. १९९६, १९९८ आणि २००० अशा तीन वेळा वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत जैसलमेरचा किल्ला घातला. त्यानंतर दुरुस्तीची, सांडपाण्याच्या वाहिन्यांची कामं झाली. तरी २०२४ च्या ऑगस्टमध्ये जोराच्या पावसात तटाचा एक भाग पुन्हा कोसळला.

थोडक्यात, आठशे वर्षं तहान सोसलेला किल्ला पाण्यानं खचायला लागला.

रूमवरून झालेलं भांडण

ट्रिप ठरवताना आमच्यात एक भांडण झालं होतं. एकानं किल्ल्याच्या आतली एक खोली शोधली होती. झरोका, गादीवर बसून सूर्यास्त, फोटो बघून सगळे पागल. मी किल्ल्याबद्दल थोडं वाचलं होतं म्हणून म्हटलं, आपण खाली गावात राहू. त्यावर तो म्हणाला, "अगं, आपण पाच जण दोन दिवस आंघोळ नाही केली तर किल्ला वाचणार आहे का? आणि ज्यांची घरं आत आहेत त्यांनी काय करायचं? त्यांचं पोट त्यावर आहे." माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. शेवटी मतदान झालं आणि ३-२ नं आम्ही खाली राहिलो.

रविवारी सकाळी किल्ल्यात चहा प्यायला थांबलो. चहावाल्या काकांच्या घरात वर दोन खोल्या पाहुण्यांसाठी होत्या. गप्पा निघाल्या तेव्हा मी भीतभीतच पाण्याचा विषय काढला. मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, "बेटा, हम तो बाल्टी से नहाते हैं. बाल्टी देते हैं तो मेहमान रेटिंग में लिख देते हैं, पानी का प्रेशर कम है."

आम्ही पाचही जण गप्प. कारण आमच्यापैकी प्रत्येकानं कधी ना कधी कुठल्यातरी हॉटेलला शॉवरवरून एक स्टार कमी दिलेला आहे.

मग त्यांनी विचारलं, "सबको बाहर निकाल देंगे तो किला बचेगा?" हा प्रश्न खरा आहे. काही जण म्हणतात, आतली हॉटेलं बंद करा, घरं खाली हलवा. पण माणसं गेली की काय उरतं, ते आम्ही आदल्याच दिवशी कुलधऱ्यात पाहिलं होतं. रिकामा किल्ला म्हणजे मोठं कुलधरा. आणि आहे तसं चालू दिलं तर पायाच राहणार नाही. म्हणजे निघून जाणं आणि आहे तसं राहणं, दोन्ही धड नाही. राहतो तिसरा मार्ग, जो इथल्या लोकांना एकेकाळी पाठ होता: राहायचं, पण मोजून. आलेलं पाणी मोजायचं, आणि आता त्याच्या जोडीला बाहेर जाणारं पाणीही. यात नगरपालिकेचं, पुरातत्त्व खात्याचं काम मोठं आहे, गळकी लाइन काही पर्यटक दुरुस्त करणार नाही. पण त्या रेटिंगच्या चौकटीत काय लिहायचं, ते आपल्या हातात आहे. काकांनी शॉवर बसवला तो पाहुण्यांमुळे, आणि पाहुणे म्हणजे आपण.

तुमच्यासाठी

तुम्हालाही मे महिन्यात जायचं असेल तर सरळ सांगते, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. तरीही गेलातच, तर पहाटे फिरा, दुपारी बारा ते पाच सावली सोडू नका, मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेवा. समच्या वाळूच्या टेकड्यांवर सूर्यास्ताला नक्की जा, वाळू रात्री किती लवकर गार होते ते पायाला कळू दे. कुलधऱ्याला गेलात तर भूत शोधू नका, जवळपास खडीन कुठं आहे ते विचारा. राहायचं कुठं हा निर्णय तुमचा. पण किल्ल्यात राहिलात तर बादली मागा, आणि नंतर रेटिंगमध्ये लिहा की बादली मिळाली आणि आम्हाला ती पुरली. पुढच्या पाहुण्यासाठी काकांना तेवढा आधार पुरेल.

आणि एक होमवर्क. तुमच्या गावात नळ यायच्या आधी पाणी कुठून यायचं, हे घरातल्या आजी-आजोबांना विचारा. आड, बारव, टाकं, नदीतला झरा, जे असेल ते. त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. चांगली रेकॉर्डिंग्ज आपण पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. विषय अर्थातच महाराष्ट्रातल्या बारवा.

तोवर भरपूर पाणी प्या. देख के प्या. भेटूया!